मोठ्या बोअरच्या वाइल्डकॅट रायफलसाठी पुंगळ्या घडवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न दोन गटांकडून येतात. एक, अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले आणि तिथे कायदेशीरपणे शिकार करणारे मराठी लोक. दुसरे, इकडे बसून जुन्या रायफलींचा इतिहास चाळणारे. दोघांनाही रायफलबद्दल खूप बोलायचं असतं, पितळाबद्दल कमी. इथे उलटं आहे: भर पुंगळीवर, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचावर आहे. दारू किती भरायची याचे आकडे या पानावर नाहीत. त्याचं कारण पुढे दिलं आहे. मापं मिलिमीटरमध्ये दिली आहेत, काडतुसांची नावं मात्र इंचातच, कारण ती तशीच पडली आहेत.

वाइल्डकॅट काडतूस नेमकं कशाला म्हणायचं?

अमेरिकेतली सामी आणि युरोपातली सीआयपी या संस्था काडतुसांची मापं आणि दाबाच्या मर्यादा ठरवतात. त्यांच्या यादीत जे नाही आणि दुकानात जे तयार मिळत नाही, ते वाइल्डकॅट. कुणीतरी प्रचलित काडतुसाची पुंगळी घेतो, तिची मान रुंद किंवा अरुंद करतो, खांदा पुढे-मागे सरकवतो, लांबी छाटतो आणि त्या नव्या आकाराचं चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) कापून रायफल बनवून घेतो.

पुढे वारंवार येणारे शब्द आत्ताच सांगून ठेवतो. पुंगळीचा खालचा जाड भाग म्हणजे बूड, त्यात प्रायमरची, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या टिकलीची, खोबण. त्यावर धड, मग उतरता खांदा, मग मान, आणि गोळी जिथून आत बसते ते तोंड. नळीच्या आतल्या भोकाचा व्यास म्हणजे बोअर.

यातली काही काडतुसं पुढे शिष्टसंमत झाली. .२२-२५० रेमिंग्टन या अमेरिकी कंपनीने १९६५ मध्ये उचललं, .२५-०६ १९६९ मध्ये, .३५ व्हेलन १९८८ मध्ये. व्हेलन १९२२ चं आहे. म्हणजे साठहून जास्त वर्षं लोक ते घरच्या बाकावरच घडवत होते.

मोठ्या बोअरची इतकी तयार काडतुसं असताना हा खटाटोप कशासाठी?

आज? बहुतेकांना गरज नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे ज्यांना फक्त रानरेड्यासाठी रायफल हवी आहे त्यांचे पैसे वाचतील.

पूर्वी कारण होतं. .४१६ रिग्बी हे १९११ चं काडतूस उत्तम, पण लांबलचक: गोळीसकट सुमारे ९५ मिमी. त्याला मॅग्नम लांबीची मॉझर ॲक्शन (काडतूस आत ढकलून बंद करणारा बोल्ट आणि त्याचा सांगाडा) लागायची, आणि ती दुर्मीळ आणि महाग. मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला .४१६ टेलर आलं. .४५८ विंचेस्टर मॅग्नमची ६३.५ मिमीची पुंगळी घ्यायची, तिची मान .४१६ ला आणायची, की साध्या .३०-०६ लांबीच्या ॲक्शनमध्ये जवळपास रिग्बीचं काम होतं. १९८८ मध्ये .४१६ रेमिंग्टन आलं, २००८ मध्ये .४१६ रुगर, आणि टेलरची निकड संपली.

.४५८ लॉटची गोष्ट जास्त रंगतदार आहे. १९५६ मध्ये आलेल्या .४५८ विंचेस्टरच्या आखूड पुंगळीत दारू दाबून भरावी लागायची. सुरुवातीच्या मालात ती घट्ट होऊन बसायची आणि गोळीचा वेग घटायचा. जॅक लॉट या अमेरिकी शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रानरेड्याने जबर जखमी केलं, तेव्हा त्याच्या हातात .४५८ विंचेस्टरच होती. त्याने पुढे .३७५ एच अँड एचची लांब पुंगळी सरळ करून त्यात .४५८ ची गोळी बसवली आणि ७१.१ मिमी लांबीचं काडतूस तयार केलं. २००२ पासून हॉर्नाडी ही अमेरिकी कंपनी ते कारखान्यात बनवते.

आज हा उद्योग करणारे तीन प्रकारचे: ज्यांच्याकडे वारशाने अशी रायफल आली आहे ते, ज्यांच्या काडतुसाचा माल कंपनीने बंद केला ते, आणि ज्यांना पितळाशी खेळायलाच आवडतं ते. तिसऱ्यांना समजावण्यात अर्थ नसतो.

भारताचा या मोठ्या बोअरशी काही संबंध आहे का?

चांगलाच आहे. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने भारतात आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या रायफली आणि काडतुसं आणण्यावर बंदी घातली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली .५७७/.४५० काडतुसाच्या होत्या; शिकारीच्या नावाखाली आलेला माल बंडखोरांच्या उपयोगी पडेल ही भीती. तोवर .४५० नायट्रो एक्स्प्रेस हीच मोठ्या जनावरासाठीची सर्वमान्य निवड होती. लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनी मग बोअर जरासं मोठं करून पळवाट काढली: .४६५, .४७०, .४७५, .४७६. त्यातलं .४७० आजही जोडनळीच्या रायफलींचं लाडकं काडतूस आहे, आणि त्याच्या वाढीमागे हिंदुस्थानातला एक सरकारी हुकूम आहे हे ते वापरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

आपल्याकडची .३१५ बोअरची रायफलही अशाच कारणाने आली. .३०३ हे लष्करी बोअर म्हणून नागरिकांना मिळेना, तेव्हा ऑस्ट्रियाच्या ८×५० मिमी मॅनलिखर काडतुसावरची रायफल परवानाधारकांसाठी रूढ झाली.

मग भारतात वाइल्डकॅट पुंगळ्या घडवता येतील का?

नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्र किंवा दारूगोळा बनवणं, रूपांतर करणं, चाचणी घेणं यासाठी त्या कामाचा वेगळा परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. शिवाय शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे. त्यामुळे भारतातल्या वाचकांसाठी हे पान केवळ माहितीचं आहे.

मी अमेरिकेत एच-१बी वर आहे. मला हा छंद करता येईल?

जपून. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला सर्वसाधारणपणे बंदूकही बाळगता येत नाही आणि दारूगोळाही. याला अपवाद आहेत. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट लागू नाही. मित्राच्या गॅरेजमध्ये ‘नुसती मदत करतो’ म्हणून काडतुसं भरायला बसण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. व्हिसा गेला तर रायफल काय कामाची.

स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला तिथे केंद्रीय परवाना लागत नाही, विकायला लागतो. राज्यांचे नियम वेगळे असतात ते निराळंच.

मूळ पुंगळी कशी निवडायची?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे. लोक आधी बोअर ठरवतात, मग नाव ठरवतात, नळीवर ते नाव कोरून घेतात, आणि शेवटी पुंगळ्या शोधायला निघतात. क्रम उलटा हवा. जे पितळ पुढची वीस वर्षं दोन-तीन कारखान्यांकडून मिळत राहील, त्याच्याभोवती रायफल बांधावी.

मोठ्या बोअरमध्ये घराणी मोजकीच आहेत. पहिलं .३७५ एच अँड एचचं, १९१२ पासूनचं: ७२.४ मिमी लांब, बुडाशी पट्टा (पितळाचं उंच कडं), बोल्टच्या तोंडाचं माप सुमारे १३.५ मिमी. .४५८ विंचेस्टर, .४५८ लॉट, .४१६ टेलर, .४१६ हॉफमन, .४७० कॅपस्टिक ही सगळी याच घरची. दुसरं .४०४ जेफरीचं: पट्टा नाही, धड किंचित जाड. तिसरं .४१६ रिग्बीचं: बूड सुमारे १५ मिमी, पोटात भरपूर जागा; .४५० रिग्बी त्याचीच मान रुंदावून १९९० च्या दशकात झालं. रिग्बीला पट्टा चढवला की .३७८ आणि .४६० वेदरबीचं घराणं.

पहिल्या घराण्याची पुंगळी कुठेही मिळते आणि बोल्टही बाजारातला चालतो. रिग्बी घराण्यासाठी बोल्टचं तोंड मोठं, मॅगझिन रुंद, ॲक्शन मजबूत, सगळंच वेगळं आणि महाग लागतं. पहिल्यांदाच करत असाल तर .३७५ च्या घरातच राहा.

आकारमान जुळलं म्हणजे झालं असंही नाही. रिग्बीचं काडतूस कॉर्डाइट या जुन्या प्रकारच्या दारूच्या काळातलं आहे. कॉर्डाइट उष्णतेत जास्त दाब देतो, म्हणून आफ्रिका-हिंदुस्थानातल्या उन्हाचा विचार करून त्याचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला होता. सीआयपीची त्याची मर्यादा ३२५० बार आहे, .४१६ रेमिंग्टनची ४३००. १९८० च्या दशकात अमेरिकेत लांब पल्ल्याच्या लष्करी रायफलसाठी रिग्बीचीच पुंगळी .३३८ ला अरुंद करून पाहिली गेली. बूड वाढीव दाबाला टिकेना. शेवटी लापुआ या फिनलंडच्या कंपनीने बुडाचं पितळ आणि भिंतीची जाडी नव्याने आखली, तेव्हा .३३८ लापुआ मॅग्नम उभं राहिलं. बाहेरून दोन पुंगळ्या बहिणी दिसतात, आतून नाहीत.

पट्ट्याची पुंगळी बरी की बिनपट्ट्याची?

हा हेडस्पेसचा प्रश्न आहे. बोल्ट बंद झाल्यावर काडतूस चेंबरमध्ये पुढे-मागे कुठे अडतं, ती जागा पक्की हवी. कड असलेली पुंगळी कडेवर अडते, पट्ट्याची पट्ट्यावर, बाकीच्या खांद्यावर. जागा सैल राहिली तर फायरिंग पिनच्या ठोक्याने पुंगळी पुढे सरकते, स्फोटात तिचं धड चेंबरला चिकटतं आणि बूड मागे ताणलं जातं. ताण बसतो तो बुडाच्या जरा वर, जिथे भिंत जाडाची पातळ होते.

घडवणाऱ्यासाठी पट्टा सोयीचा. खांदा अजून तयारच झालेला नाही, किंवा लॉटसारखा तो नाहीच, तरी पट्टा पहिल्या वेळी पुंगळीला धरून ठेवतो. उलट टोक म्हणजे .४०० व्हेलन. .३०-०६ ची मान थेट .४० ला रुंदावली की खांदा म्हणून जेमतेम एक धार उरते. ती पुरते की नाही यावर जाणकार कितीतरी वर्षं भांडत आले आहेत. नीट मापाने घडवली तर पुरते, अशी माझी समजूत. पण ‘नीट मापाने’ हे दोन शब्द त्या भांडणात नेहमी विसरले जातात.

पट्ट्याचा तोटाही आहे. एकदा खांदा चेंबरला भिडला की पुढच्या वेळी डाय (पुंगळीला आकार देणारा साचा) इतकीच खाली आणायची की खांदा तिथेच राहील. पट्टा आहे म्हणून दर खेपेला खांदा मागे ढकलत राहिलात तर पुंगळी दोन-तीन खेपांतच बुडाशी तुटायला येते.

.३७५ एच अँड एचपासून लॉट कशी घडते, ते जरा सविस्तर सांगाल?

पुंगळी नवी घ्या. दुसऱ्या कुणाच्या रायफलमधून उडालेली नको.

मान आणि खांदा आधी नरम करून घ्यायचे (ॲनीलिंगचा प्रश्न पुढे आहे). मग निमुळता एक्स्पांडर, म्हणजे तोंड आतून रुंदावणारा दांडा. .३७५ पासून .४५८ पर्यंत तोंड सुमारे २.१ मिमी रुंदावायचं आहे. एका दमात केलं तर तोंड चिरतं, म्हणून मध्ये .४१६ चा टप्पा घेतात. आतून वंगण हवंच, लॅनोलिनचं किंवा साइझिंगचं मेण. प्रेसचा दांडा सावकाश आणि एकसारखा दाबायचा. मध्येच थांबलं की पितळावर वळ राहतो.

बाहेर येणारा आकार पहिल्यांदा पाहणाऱ्याला बिघडल्यासारखा वाटतो. .३७५ च्या खांद्याशी धडाचा व्यास ११.४ मिमी असतो, आणि लॉटचं तोंड १२.२ मिमी. म्हणजे तोंड रुंद, त्याखाली जुन्या खांद्याच्या जागी पुंगळी कमरेत बारीक, आणि खाली पुन्हा रुंद. एक्स्पांडर या कमरेच्या खालपर्यंत उतरला नाही तर गोळी बसवताना तिचं बूड तिथे अडकतं. मग लोक जोर लावतात आणि पुंगळी वाकते. एक्स्पांडर पुरेसा लांब आहे का हे आधी मोजून पाहा, टेलर किंवा .४१६ साठी घेतलेला बहुधा आखूडच पडतो.

नंतर लॉटच्या डायमधून काढायची, लांबी पाहायची. तोंड रुंदावताना पितळ आडवं जातं, त्यामुळे लांबी कमी होते, ७२.४ मिमीने सुरुवात करूनही पुंगळी ७१.१ पेक्षा थोडी आखूडच हाती येते. आखूड चालते. लांब असती तर तोंड चेंबरच्या पुढच्या कडेवर चढलं असतं, गोळी घट्ट धरली गेली असती आणि दाब धोक्यापर्यंत गेला असता. सगळ्या एका लांबीला छाटून घ्यायच्या. पहिल्या गोळीबारानंतर कंबर भरते आणि भिंत बुडापासून तोंडापर्यंत सरळ उतरती होते.

एवढं सगळं वाचून झाल्यावर: हॉर्नाडीच्या तयार लॉट पुंगळ्या मिळत असतील तर त्याच घ्या.

.४१६ टेलर .४५८ विंचेस्टरपासून करावी की .३३८ विंचेस्टरपासून?

.४५८ पासून. तोंड फक्त १.०७ मिमी अरुंद करायचं असतं आणि खांदा डायच तयार करतो. डाय थोडी वर ठेवून सुरुवात करायची आणि चेंबरमध्ये बोल्ट किंचित जोराने बंद होईल इतपतच खाली आणत जायचं. म्हणजे खांदा पहिल्या दिवसापासून चेंबरच्या मापाचा.

.३३८ पासूनही होते, पण मग बुडावर .३३८ चा शिक्का असलेली .४१६ ची काडतुसं तयार होतात, आणि खरं .३३८ काडतूस टेलरच्या चेंबरमध्ये मुकाट बसतं. ती गोळी .४१६ च्या नळीत सैल जाते. ज्या घरात दोन्ही रायफली आहेत तिथे हे टाळलेलं बरं.

‘खोटा खांदा’ म्हणजे काय?

बिनपट्ट्याच्या पुंगळीचा खांदा पुढे न्यायचा असेल तर पहिल्या वेळी तिला धरायला काहीच नसतं. मग मान हवी त्यापेक्षा जास्त रुंदावतात आणि वरचा भाग नव्या डायने पुन्हा अरुंद करतात, पण थोडा रुंद भाग तसाच ठेवून. तो भाग चेंबरच्या खांद्यावर टेकतो. बोल्ट बंद करताना हाताला हलका दाब जाणवला पाहिजे. जाणवला नाही तर ती पुंगळी बाजूला.

पी. ओ. ॲक्ली या अमेरिकी बंदूक-कारागिराच्या ‘इम्प्रूव्ह्ड’ काडतुसांत हीच युक्ती चेंबर कापतानाच केलेली असते. चेंबर मूळ मापाहून केसभर आखूड ठेवतात, त्यामुळे कारखान्याचं मूळ काडतूस मानेच्या मुळाशी घट्ट टेकतं आणि उडाल्यावर नवा, तीव्र कोनाचा खांदा घेऊन बाहेर येतं.

फायर-फॉर्मिंगला (चेंबरमध्ये उडवून पुंगळीला आकार द्यायला) गोळी खर्च करावीच लागते का? रव्याचं काहीतरी ऐकलं होतं.

बरोबर ऐकलंत. जलद जळणारी थोडी दारू, वर क्रीम ऑफ व्हीट (म्हणजे आपला रवाच), तोंडाला मेणाचा बोळा, गोळी नाही. रवा दाब सगळीकडे पसरवतो आणि पुंगळी फुगून चेंबरचा आकार घेते. पद्धत जुनी आहे. पण हौशी माणसाने नेटवरचा आकडा उचलून करायची ही गोष्ट नाही. पुंगळीत जागा जितकी मोठी तितकी चूक मोठी, आणि रव्यात ओल असेल तर गणितच बदलतं.

काही आकारांना पाण्याची डाय मिळते. पुंगळी डायमध्ये पाण्याने भरायची, वर दट्ट्या, त्यावर हातोडा. आकार पूर्णपणे येत नाही, पण फाटण्याचं प्रमाण कमी होतं आणि घरात आवाजही फक्त हातोड्याचा.

लॉट-टेलरसारख्यांना यातलं काहीच लागत नाही. सौम्य भाराची, गोळीसकट सरावाची काडतुसं भरायची. आकारही येतो आणि खांद्याला सरावही होतो, जो मोठ्या बोअरला हवाच असतो.

ॲनीलिंग खरंच गरजेचं आहे?

हो. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ते वाकवलं, ओढलं, ठोकलं की कडक होत जातं. तांबट आळीत हंड्यावर काम करणारा कारागीर मधूनमधून भांडं भट्टीत का घालतो, तर याच कारणाने: पुढचा ठोका बसण्याआधी धातू परत मऊ व्हायला हवा. खडकी किंवा वरणगावच्या दारूगोळा कारखान्यांतही पितळाच्या वाटीपासून पुंगळी ओढताना दोन ओढींच्या मध्ये तापवणं असतंच.

फरक इतकाच की तयार पुंगळीत फक्त मान आणि खांदा नरम करायचे. बूड कडकच राहिलं पाहिजे. दाब तेच झेलतं. बूड नरम झालेली पुंगळी दिसायला छान असते आणि वापरायला जीवघेणी. तापमान दाखवणारं रंगद्रव्य मिळतं: ४०० अंश सेल्सिअसच्या आसपासचं मानेच्या आत लावायचं, २३०–२४० अंशाचं धडावर. वरचं वितळलं पाहिजे, खालचं नाही. पुंगळी फिरती ठेवायची. पितळ लालभडक दिसू लागलं तर मर्यादा ओलांडली समजायची.

पाण्यात टाकली की कडक होईल ही भीती पोलादाच्या अनुभवातून येते. पितळाचं तसं नसतं. पाणी फक्त उष्णता बुडाकडे उतरू देत नाही.

न वापरलेल्या, डब्यात ठेवलेल्या पुंगळ्यांच्या माना तडकल्या. असं कसं?

हा प्रश्न ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानातच पडला होता. पावसाळ्यात मोहिमा थंडावल्या की दारूगोळा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवत, आणि पावसाळा सरल्यावर काडतुसं काढली की गोळीभोवती आवळलेल्या जागी भेगा. उत्तर १९२१ मध्ये मिळालं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळ ओढताना त्यात अडकून राहिलेला ताण, दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. ताण काढून टाकणारं हलकं तापवणं हा इलाज ठरला.

तुमच्याकडे पागा नसेल, पण पितळ चकाकवणाऱ्या काही द्रवांत अमोनिया असतो. मान घडवून तापवली नाही आणि असल्या द्रवात बुडवली, तर कपाटातही तोच प्रकार. बाटलीचं लेबल वाचा.

मान जाड झाली आहे हे कसं ओळखायचं?

अरुंद केलेली मान जाड होते, रुंद केलेली पातळ. खांद्याचं पितळ मानेत आलं तर मानेच्या मुळाशी आतून एक कडं तयार होतं. मान इतकी जाड झाली की चेंबरमध्ये तिला फुगायला जागाच नाही, तर गोळी सुटत नाही आणि दाब एकदम चढतो. धोक्याची ही सगळ्यात चोरटी तऱ्हा, कारण बाहेरून काही दिसत नाही.

एक साधी परीक्षा आहे. उडालेल्या पुंगळीच्या तोंडात, तिला डायमधून न काढता, नवी गोळी बोटाने सरकवून पाहा. सहज, न घासता आत गेली पाहिजे. अडली तर मान रीमरने किंवा टर्निंगने पातळ करून घेतल्याशिवाय पुढची गोळी उडवू नका.

जुनी वाइल्डकॅट रायफल हाती आली आहे. नळीवरच्या नावावर विश्वास ठेवू का?

ठेवू नका. एकाच नावाची दोन कारागिरांची चेंबरं वेगळी असू शकतात. सेरोसेफ हा मिश्रधातू ७० ते ९० अंशांच्या दरम्यान वितळतो. तो ओतून चेंबरचा साचा काढायचा. आधी तो किंचित आकसतो, मग फुगतो, आणि तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापाला येतो. मापं तेव्हाच घ्यायची.

पुंगळी कधी फेकून द्यायची?

बुडाच्या किंवा पट्ट्याच्या जरा वर, धडाभोवती एक चकचकीत कडं दिसू लागलं की संशय घ्या. कागदाच्या क्लिपचं टोक बारीक वाकवून आतून भिंतीवरून वर ओढा. त्याच जागी टोक खाचेत अडकल्यासारखं वाटलं, तर भिंत आतून पातळ झाली आहे. पक्कडीने चेपून ती पुंगळी टाकून द्या, म्हणजे पुन्हा डब्यात जाणार नाही. मान चिरली असेल तर प्रश्नच नाही. प्रायमर खोबणीत ढिला बसू लागला असेल तर दाब जास्त होतोय. पुंगळीबरोबर भारही बदला.

भाराचे आकडे का देत नाही?

कारण वाइल्डकॅटचा आकडा चेंबरबरोबर बदलतो, पुंगळीच्या भिंतीबरोबर बदलतो, नळीबरोबर बदलतो, आणि कुणीही त्याची दाबयंत्रावर चाचणी घेतलेली नसते. लॉटसारख्या आता प्रमाणित झालेल्यांसाठी दारू आणि गोळी बनवणाऱ्या कंपन्यांच्या पुस्तिका आहेत. त्यातल्या सर्वांत कमी भारापासून सुरुवात करायची. खऱ्या वाइल्डकॅटसाठी ज्या कारागिराने चेंबर कापलं त्याच्याशी बसून, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावून काम करायचं. समान पोटाच्या, समान बोअरच्या काडतुसापेक्षा तुमचं काडतूस फार जास्त वेग दाखवत असेल, तर ती वेगळ्या आकाराची जादू नाही. तो जास्तीचा दाब आहे.

घडवलेली काडतुसं आफ्रिकेत शिकारीला नेता येतात?

नेता येतात, पण बुडावरचा शिक्का आड येतो. परवान्यावर .४१६ टेलर आणि पितळावर .४५८ विंचेस्टर, हे विमानतळावरच्या पोलिसाला समजावत बसणं म्हणजे शिकारीचा पहिला दिवस घालवणं. काही कारखाने योग्य शिक्क्याच्या पुंगळ्या बनवून देतात. प्रवासासाठी त्याच घ्या. आणि प्रवासात बॅग हरवली तर? .३७५ एच अँड एच दक्षिण आफ्रिकेतल्या दुकानात मिळेल, तुमचं वाइल्डकॅट नाही. कित्येक आफ्रिकी देशांत मोठ्या जनावरांसाठी किमान बोअर .३७५ च आहे, हेही लक्षात असू द्या.

एक रिकामी पुंगळी आठवण म्हणून पुण्याला आणली तर चालेल ना?

आणू नका. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोडतात. सामानात पुंगळी सापडली म्हणून विमानतळावर अडकून पडलेल्या प्रवाशांच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. बॅग शिकारीला वापरली असेल तर निघण्याआधी सगळे खिसे, अस्तरासकट, उलटे करून झटका. फोटो आणा.